‘तुमचे अडकलेले पैसे आलेत’ म्हणणारा फोन

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, तुम्ही कुठेही राहत असा, हा फोन बहुतेक हिंदीतच येतो. पलीकडचा माणूस अदबीने तुमचं पूर्ण नाव घेतो. “सर, आपकी पुरानी पॉलिसी के चार लाख बासठ हजार अनक्लेम्ड पड़े हैं.” मग तो पॉलिसीचा नंबर सांगतो, आणि तो बरोबर निघतो!

इथेच विश्वास बसतो. पण ग्राहकांच्या याद्या चोरून विकल्या जातात. दिल्ली, नोएडा भागातल्या बनावट कॉल सेंटरांवर पोलिसांनी अनेकदा छापे घातले आहेत. नंबर बरोबर असला म्हणून बोलणारा कंपनीचा ठरत नाही.

थाप पचते, कारण तिच्यात अर्धं खरं असतं. दावा न केलेले पैसे खरोखरच असतात. दहा वर्षं हात न लागलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात. तो निधी २०१४ पासून आहे. सात वर्षं न घेतलेला शेअरचा लाभांश आयईपीएफ या सरकारी निधीत जातो. विम्याच्या रकमाही अशाच पडून राहतात. तरी त्यावरचा तुमचा हक्क असा एका दिवसात बुडत नाही. म्हणून “आज पाचपर्यंत क्लेम केला नाही तर रक्कम सरकारजमा” हे वाक्य ऐकलं की समोरचा कोण आहे ते कळलं समजा.

पुढे येते फी. आधी अडीच हजार, ‘फाइल चार्ज’ म्हणून. मग जीएसटी, मग टीडीएस, मग एनओसीचे पैसे. प्रत्येक वेळी ‘बस, हा शेवटचा हप्ता’. आधी भरलेले बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. मी लोकांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: माझे चार लाख तुमच्याकडेच आहेत ना, मग फी त्यातूनच कापून घ्या. टीडीएस तर नावाप्रमाणे रकमेतून कापूनच घेतात. तो आधी कुणी भरून मागत नाही. या प्रश्नावर आवाजातली अदब लगेच उतरते.

काही जण पैसे मागतच नाहीत. एखादी एपीके फाइल पाठवतात, स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला लावतात, किंवा ‘पैसे जमा करून घ्यायला’ यूपीआय पिन टाका म्हणतात. पिन लागतो तो पैसे देताना. घेताना लागत नाही. आणि रिझर्व्ह बँक किंवा आयआरडीएआयच्या नावाने फोन आला तर बोलणं तिथेच थांबवा. या संस्था कुणाला बोनस वाटत नाहीत.

खरंच काही पडून आहे असं वाटत असेल तर आपणच शोधावं. ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ पोर्टल सुरू केलं. मोबाइल नंबरने नोंदणी करायची, खातेदाराचं नाव, बँक आणि पॅन किंवा जन्मतारीख यांपैकी एखादी खूण द्यायची. पोर्टल फक्त शोधून देतं. पैसे मिळतात बँकेच्या शाखेतूनच, केवायसी करून. शोधायला काही पडत नाही. विम्यासाठी आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’वर किंवा थेट कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. नवऱ्याच्या पश्चात कागद चाळणाऱ्या बायकांना हे फोन फार गाठतात, म्हणून हा शोध त्यांच्याबरोबर बसून मुलांनी करून द्यावा.

फौजेत रात्री पहाऱ्यावरचा जवान “थम, कौन आता है?” म्हणून खुद्द कमांडिंग ऑफिसरलाही अडवतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी उद्धट म्हणत नाही. फोनवरच्या साहेबाला अडवताना आपण मात्र उगीच संकोचतो. “मी परत फोन करतो” म्हणून ठेवून द्या आणि पॉलिसीच्या कागदावरच्या नंबरावर करा. त्याने दिलेल्या नंबरावर नाही. गुगलवर सापडलेल्या नंबरावरही नाही, तिथेही बनावट नंबर पेरलेले असतात.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचं नाव हाताशी ठेवा, आणि त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रारही नोंदवा. फोन करणाऱ्याचे मेसेज रागाने पुसू नका, ते तिथे जोडावे लागतात.