फाइल का उघडत नाही?

संगणकातील फाइल उघडत नाही, तेव्हा बहुतेकांचा संशय प्रथम तिच्या ‘एक्स्टेन्शन’कडे, म्हणजे नावातील टिंबानंतरच्या तीन-चार अक्षरांकडे जातो; परंतु ही अक्षरे म्हणजे केवळ बाहेरची पाटी असून, ती बदलल्याने आतील माल बदलत नाही. फाइलची खरी ओळख बहुधा तिच्या आरंभीच्या काही बाइट्समध्ये असते आणि त्यांना फाइलची ‘सिग्नेचर’ म्हणतात. वर्डच्या २००७ पासून रूढ झालेल्या डॉक्स फाइलची सुरुवात ‘पीके’ या अक्षरांनी होते. ती झिप पद्धतीचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे होत; ती येथे आढळतात, कारण डॉक्स ही वस्तुतः अनेक लहान फाइलींचे झिप पद्धतीने बांधलेले गाठोडेच असते.

या रचनेतील सर्वांत लक्षणीय बाब अशी की, गाठोड्यात काय कोठे आहे हे सांगणारी सूची आरंभी नव्हे, तर अगदी शेवटी असते. त्यामुळे डाउनलोड होताना शेवटचा अल्पसा भाग जरी गळाला, तरी सूची हरवते आणि मजकूर बहुतांशी शाबूत असूनही फाइल ‘खराब’ ठरते. म्हणून फाइलचा आकार मूळ प्रतीशी ताडून पाहणे आणि तो कमी भरल्यास ती पुन्हा मागवणे, हा पहिला उपाय होय. मूळ प्रतच उरली नसेल, तर सदोष फाइलची नक्कल करून त्या नकलेवरच झिप दुरुस्तीचे साधन चालवावे, कारण मुख्य मजकूर ‘डॉक्युमेंट’ नावाच्या आतील एका फाइलीत असतो आणि ती सूचीवाचूनही पुष्कळदा वेगळी काढता येते.