नाळ उतरायची तर

राजगड-तोरणा-रायगड ही तीन-चार दिवसांची चाल. राजगडाच्या अळू दरवाजातून उतरून डोंगरधारेनं तोरण्याची बुधला माची गाठायची, तिथून भट्टी, मग घाटमाथ्यावरचं मोहरी आणि शेवटी लिंगाण्याशेजारून कोकणात उतरणारी बोराट्याची नाळ. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आधीचे दोन महिने रोज पाच किलोमीटर पळत होतो. राजगडाला दम लागला नाही, तोरण्यालाही नाही. नाळेत मात्र पहिल्या मोठ्या धोंड्यांवरच मांड्या लटपटायला लागल्या. हात टेकत, बसत बसत उतरलो. पुढे साठी उलटलेला वाटाड्या चालला होता. गुडघे सतत किंचित वाकलेले, पावलं वीतभर, आणि एकही पाऊल धप्पकन पडत नव्हतं. त्याचे पाय पाहिले तेव्हा माझी तयारी कुठे कमी पडली ते कळलं.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावत शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला अंगाचा आणि सॅकचा भार तोलून धरायचा असतो. या ओढाताणीत त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं लगेच जाणवत नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला पोचतं. म्हणजे राजगड आणि तोरण्याच्या उतारांची वसुली नाळेत होते! सपाटीवर कितीही पळा, छाती तयार होते, मांडीला ही सवय लागत नाही. पण एकदा असा उतार सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला कमी दुखतो. सगळी तयारी या एका गोष्टीवर उभी करता येते.

दहा-बारा आठवडे हाताशी ठेवा. स्नायू लवकर जोर धरतात, पण त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा सावकाश तयार होतात, त्यामुळे शेवटच्या पंधरवड्यात घाई केली की गुडघा धरतो. घरच्या जिन्यावर सुरुवात करा. सर्वांत खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच मनात तीन आकडे मोजत जमिनीला टेकवायची. टाच टेकल्याचा आवाज येता कामा नये. वरचा गुडघा आत कलतोय का, ते आरशात बघा. कलत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. दहा-दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस पुरे.

रविवारी सिंहगड. आतकरवाडीच्या वाटेनं पुष्कळजण जिद्दीनं चढतात, पिठलं-भाकरी खातात आणि खाली येताना गाडी धरतात. मला त्याची फार हळहळ वाटते, कारण कामाचा अर्धा भाग तोच असतो. चालतच उतरा. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, लिटरला किलो हा हिशेब सोपा. सुरुवात चार किलोंनी, मग दर आठवड्याला एखादा किलो वाढवत शेवटी खरं वजन. साठ किलोंच्या माणसाला बारा किलो म्हणजे पुष्कळ झालं. कमरेचा पट्टा घट्ट आवळा, भार खांद्यांवर नको, कमरेवर यायला हवा. चढताना सोबत्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवा. ज्यांना हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

मोहिमेच्या दोन-तीन आठवडे आधी शनिवार-रविवार असे सलग दोन दिवस पूर्ण वजनासह सिंहगड करा. दुखऱ्या पायांनी उतरणं हे वेगळंच काम आहे आणि ते दुसऱ्या दिवशीच शिकता येतं. शेवटच्या आठवड्यात फक्त हलकं चाला. बूट तोवर मुरलेले हवेत. पायाची नखं कापलेली हवीत, नाहीतर उतारावर बोटं पुढे आदळून नख काळं पडतं.

त्या जोड-दिवसांतल्या रविवारी उतरून आतकरवाडीत पोचल्यावर सॅक पाठीवर असतानाच खाली बसा. हात न टेकता उठता आलं, तर मोहरीच्या मुक्कामाचं पक्कं करा.