गळ वर, वजन खाली

मोर्शीजवळील अप्पर वर्धा धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की मासे बहुधा खोल जागी उतरतात. नेहमीच्या पद्धतीत शिसे वर व गळ खाली असल्याने आमिष चिखलात रुतते. ‘ड्रॉप शॉट’ पद्धतीत हा क्रम उलटा असतो. दोरीच्या टोकाला वजन, त्याच्या सुमारे ३० ते ४५ सेंटिमीटर वर गळ. वजन तळाशी टेकते आणि आमिष माशाच्या नजरेसमोर तरंगते.

नवशिक्यांनी ६ ते ७ फुटांची, टोकाशी लवचीक काठी, साधे स्पिनिंग रीळ, ३ ते ४ किलो ताण सोसणारी नायलॉनची दोरी, लहान गळ व ७ ते १० ग्रॅम वजन घ्यावे. पालोमार गाठ मारून दोरीचे उरलेले टोक गळाच्या अणकुचीकडून नेढ्यातून खाली ओवावे, म्हणजे गळ आडवा, अणकुची वर अशा स्थितीत राहतो. गांडूळ लावून काठीचे टोक हलकेच थरथरवावे. वजन मात्र जागचे हलू नये.

धरणांतील मासेमारीचा हक्क अनेकदा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यावर भोई कुटुंबांची भाकर अवलंबून आहे. अकोल्याचे काटेपूर्णा धरण तर अभयारण्यात आहे. म्हणून आम्ही आवर्जून सांगतो : आधी परवानगी घ्यावी, लहान मासे पाण्यात सोडावेत आणि तुटलेली दोरी घरी आणावी. तीत पक्ष्यांचे पाय अडकतात.