कडेचा घोडा

दुसरी फेरी. तीर्थपुरीच्या या शाळेत सतरंज्यांवर प्लास्टिकचे पट अंथरलेत. वारं आलं की कोपरे उलटतात, म्हणून त्यांवर चपटे दगड. उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत रस्त्यावरून जातो. एकही मान वळत नाही.

खिडकीजवळच्या पटावर पांढरी मोहरी आठवीतल्या पोराकडे, काळी त्याच्याहून लहान मुलीकडे. पोरगा सपासप खेळतोय. राजापुढचं प्यादं, घोडा, उंट: इटालियन. मुलीचा दुसरा घोडा बाहेर येताच ह्याचा घोडा पुढे झेपावतो. उंट आणि घोडा, दोघांचा डोळा काळ्या राजाशेजारच्या एकाच प्याद्यावर. मोबाइलवर शिकणाऱ्या पोरांचा लाडका ‘फ्राईड लिव्हर’!

मुलगी वजिरापुढचं प्यादं आडवं घालते. पोरगा ते मारतो. आता तिने घोड्याने परत मारलं की हा आपला घोडा बळी देऊन तिच्या राजाला उघड्यावर ओढणार. हात आधीच पुढे आलाय. ती मारत नाही. दुसरा घोडा पटाच्या काठावर नेते.

“कडंला घोडा? वाया गेला की,” बाकावरचे आजोबा पुटपुटतात. त्यांचा देशी डाव. त्यात प्यादं एकेकच घर सरकतं आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी मिळते. सर ओठांवर बोट ठेवतात.

वाया कसला, तो थेट उंटावर आलाय! चारशे वर्षांपूर्वी इटलीतला पोलेरिओ हा हल्ला खेळला, आणि कडेच्या घोड्याचा हा उताराही त्याच्याच नावाने चालतो. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून ही पोरगी मागे लागलीय, असं सर हळूच सांगतात.

पोरगा पहिल्यांदाच थांबतो. पाठांतर संपलं. उंटाने शह द्यायला हवा. तो उंट एक घर मागे घेतो. घोडा उंटाला खातो, पोरगा प्याद्याने घोडा मारतो. मग तिचा वजीर येऊन मधलं प्यादं उचलतो आणि तिरका पांढऱ्याच्या घराकडे बघतो. पोरगा घाईने किल्लेकोट करतो. कडेच्या प्याद्याने ती त्याच्या घोड्याला हुसकावते. मागे येताच दुसरं प्यादं अंगावर. घोडा राजाच्या मूळ घरात जाऊन बसतो.

“बरोबरी?” पोरगा विचारतो.

मोहरी तर सारखीच आहेत. ती पटावरून नजर काढत नाही.

“खेळ की.”