एकाच संगणकावरील दोन सर्व्हर आणि पोर्टचा संघर्ष

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• पोर्ट या संकल्पनेचा अर्थ सांगता येईल.
• दोन सर्व्हर-आज्ञावलींमध्ये संघर्ष का होतो, याचे विवेचन करता येईल.
• संघर्षाचे निदान आणि निवारण कोणत्या क्रमाने करावे, हे स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला जुन्या नियतकालिकांचे अंक आणि दुर्मिळ ग्रंथ आता पुष्कळदा संगणकाच्या पडद्यावरच वाचावे लागतात. ही सामग्री वाचकांपर्यंत पोहोचविण्यासाठी अनेक ग्रंथालये दोन मुक्त आज्ञावलींचा आधार घेतात. 'कोहा' ही ग्रंथालय-व्यवस्थापनाची आज्ञावली न्यूझीलंडमध्ये १९९९ साली आकाराला आली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आली. 'डीस्पेस' ही डिजिटल संग्रहाची आज्ञावली एमआयटी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी २००२ साली उपलब्ध करून दिली. साधने मर्यादित असल्यास या दोन्ही आज्ञावली एकाच संगणकावर बसविल्या जातात. अशा वेळी एक चालू होते आणि दुसरी दिसेनाशी होते. आज्ञावली बिघडली असे समजून ती घाईने पुन्हा बसविली आणि त्यात विदागार पुसले गेले, तर कित्येक महिने टंकलेल्या नोंदी नष्ट होऊ शकतात. म्हणून या अडचणीचे मूळ समजून घेणे अगत्याचे आहे.

पोर्ट म्हणजे काय?

टपाल कार्यालयाचा पत्ता एकच असतो. परंतु बचत खात्याची खिडकी वेगळी आणि टपालाची वेगळी असते. संगणकाचा आयपी पत्ता हा कार्यालयाचा पत्ता मानला, तर पोर्ट म्हणजे त्यातील क्रमांकित खिडकी होय. हे क्रमांक ६५५३५ पर्यंत असतात. १०२३ पर्यंतचे क्रमांक सर्वपरिचित सेवांसाठी राखलेले असतात. साध्या संकेतस्थळासाठी ८० आणि सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३ हे क्रमांक रूढ आहेत. ८० ला पर्याय म्हणून ८०८० हा क्रमांक सर्रास वापरला जातो. सामान्यतः एका पत्त्यावरील एका पोर्टवर एकाच वेळी एकच आज्ञावली ऐकत बसू शकते. संघर्षाचे मूळ या नियमात आहे.

संघर्षाचे स्वरूप

कोहा ही 'अपाची' या वेब सर्व्हरमार्फत चालते. तिची वाचकांसाठीची ग्रंथतालिका ८० वर आणि कर्मचाऱ्यांचे पान ८०८० वर ठेवण्याचा प्रघात आहे. डीस्पेससाठी सहसा वापरला जाणारा 'टॉमकॅट' हा सर्व्हरही मुळात ८०८० च मागतो. जो आधी सुरू होतो, त्याला ते पोर्ट मिळते.

पुढील दोन शक्यता लक्षात घ्या. अपाची आधी सुरू झाल्यास टॉमकॅटला पोर्ट मिळत नाही. तरीही त्याची प्रक्रिया चालू असल्याचे दिसू शकते, आणि संग्रह पाहण्यासाठी ८०८० उघडणाऱ्यास कोहाचे पान दिसते. याउलट टॉमकॅट आधी सुरू झाल्यास अपाची मुळीच सुरू होत नाही. कारण मागितलेल्या पोर्टांपैकी एकही अडले, तरी तो माघार घेतो. परिणामी ८० वर काहीही वाद नसताना वाचकांची ग्रंथतालिकाही बंद पडते. वीज जाऊन आल्यावर कधी एक तर कधी दुसरी सेवा का बंद पडते, याचे उत्तर या क्रमात सापडते.

निदान

प्रथम नोंदवही, म्हणजे लॉग, वाचावी. 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असा संदेश आढळल्यास पोर्ट आधीच व्यापलेले आहे, असे समजावे. त्यानंतर ते कोणी व्यापले आहे, हे पाहावे. लिनक्सवर 'एसएस' आणि विंडोजवर 'नेटस्टॅट' या आज्ञेने ऐकणाऱ्या पोर्टांची यादी मिळते; योग्य पर्याय जोडल्यास त्यासोबत प्रक्रिया क्रमांकही कळतो. ओळख पटल्याशिवाय कोणतीही प्रक्रिया बंद करू नये. ती दुसऱ्या विभागाची आवश्यक सेवा असू शकते.

निवारण

पहिला मार्ग पोर्ट बदलण्याचा आहे. टॉमकॅटच्या 'सर्व्हर डॉट एक्सएमएल' या फाइलची प्रत काढून ठेवावी, 'कनेक्टर'च्या नोंदीत ८०८० ऐवजी ८०८१ सारखा मोकळा क्रमांक लिहावा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावा. एवढ्याने काम संपत नाही. डीस्पेसच्या मांडणीतील पत्ता आणि फायरवॉलची परवानगीही बदलावी लागते. डीस्पेसच्या ७ व्या आवृत्तीपासून वाचकांसमोरचा भाग स्वतंत्रपणे, मुळात ४००० या पोर्टवर चालतो. त्यालाही नवा पत्ता सांगावा लागतो.

दुसरा मार्ग अधिक टिकाऊ आहे. ८० आणि ४४३ ही पोर्टे केवळ अपाचीकडे ठेवावीत आणि ग्रंथतालिका, कर्मचारी-पान व संग्रह यांना वेगवेगळी नावे द्यावीत. ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत संकेतस्थळाचे नाव पाठवितो. ते पाहून अपाची मागणी योग्य ठिकाणी सोपवितो. या व्यवस्थेस 'रिव्हर्स प्रॉक्सी' म्हणतात. टॉमकॅट मग १२७.०.०.१ या अंतर्गत पत्त्यावरच ऐकत राहतो. वाचकाला पोर्ट क्रमांक लक्षात ठेवावा लागत नाही आणि उद्या अंतर्गत क्रमांक बदलला, तरी शोधनिबंधात दिलेला संग्रहाचा दुवा तुटत नाही.

सारांश

पोर्टचा संघर्ष हा आज्ञावलीचा बिघाड नसून जागावाटपाचा प्रश्न आहे. नोंद वाचणे, व्यापणारी प्रक्रिया ओळखणे, पोर्ट बदलणे किंवा प्रॉक्सी नेमणे आणि शेवटी संगणक पुन्हा सुरू करून दोन्ही सेवा तपासणे, हा क्रम पाळावा. कोणत्या सेवेस कोणते पोर्ट दिले, याचा तक्ता ग्रंथालयात लिहून ठेवावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ८० हे पोर्ट मोकळे असूनही ग्रंथतालिका बंद पडण्याचे कारण लिहा.
२. पोर्ट बदलणे आणि रिव्हर्स प्रॉक्सी नेमणे या दोन मार्गांची तुलना करा.