काडीला मुळं फुटतात तेव्हा

पाऊस सुरू झाला की ओळखीपाळखीच्या लोकांचे मला फोन येऊ लागतात, आणि त्यातले निम्मे तरी एकाच तक्रारीचे असतात. ‘फांदी लावली होती, सुरेख पालवी आली, आणि पंधरा दिवसांत सगळं वाळून गेलं. असं का हो?’ वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी तीसएक वर्षं गेली, त्यामुळे लोक माझ्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवतात हे स्वाभाविकच आहे. पण हे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही. काडी कुंडीत खोचल्यावर मातीखाली काय चालतं, ते आधी सांगावं लागतं.

फांदीपासून झाड करणं आपल्याला नवीन नाही. उसाचं बेणं म्हणजे उसाच्या कांड्याच. रताळ्याचे वेल तोडून सरीवर लावतात, शेवग्याची हाताएवढी फांदी बांधावर रोवतात. कोकणात गिरिपुष्पाच्या खुंट्या ठोकून कुंपण करतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्या कुंपणाची झाडं होतात. मिरजेकडच्या पानमळ्यातली पानवेलही अशीच, वेलाच्या तुकड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. शेतकरी याला छाटकलम म्हणतो.

या सगळ्यांत मला सर्वांत नवलाचं वाटतं ते अंजीर. पुरंदर तालुक्यातला अंजीर आपण आवडीनं खातो. त्यात दाताखाली कचकचणाऱ्या शेकडो बिया असतात, पण त्या पेरून काहीही उगवत नाही. अंजिराच्या फळात फुलं आतल्या बाजूला असतात आणि त्यांचं परागीभवन एक विशिष्ट चिमुकली गांधीलमाशी करते. आपल्याकडच्या लागवडीच्या अंजिराला तिची गरजच पडत नाही, परागीभवनावाचूनच फळ धरतं, आणि म्हणून बिया पोकळ राहतात. याचा अर्थ असा की, दिवे घाट ओलांडल्यावर जी अंजिराची झाडं दिसतात, त्यातलं प्रत्येक झाड कुणीतरी कुणाकडून तरी मागून आणलेल्या काडीचं आहे. ती देवघेव थांबली असती, तर तो वाण संपला असता.

बिनबियांच्या द्राक्षाचंही तेच. ‘थॉमसन सीडलेस’ हे नाव एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातल्या एका बागायतदाराच्या नावावरून पडलं. आपल्या तासगाव भागात त्याच्या वेलीवर निराळी फूट आढळली, ती वेगळी वाढवली आणि ‘तास-ए-गणेश’ हा वाण झाला. तोही काडीनंच पसरला. बीच नाही, तर दुसरा मार्ग कुठला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फांदी झाडापासून तोडली की तिचा पाणीपुरवठा बंद होतो, पण पानांतून पाणी उडून जाणं काही थांबत नाही. ही खरी शर्यत असते. मुळं फुटायला तीन ते सहा आठवडे लागतात, आणि तोपर्यंत काडीनं आपल्या अंगातल्या साठ्यावर तग धरायचा असतो. वरच्या डोळ्यांना याची कल्पना नसते. ऊब मिळाली, ओल मिळाली की ते त्याच साठ्यातून पालवी फोडतात. बघणाऱ्याला वाटतं, काडी लागली. तो खूश होऊन कुंडी उन्हात ठेवतो, कुणी घाई करून उपटूनही बघतो. खाली अजून एकही मूळ नसतं. साठा संपला, कोवळी पानं पाणी मागू लागली, की दोन दिवसांत सगळं मान टाकतं. फोनवरच्या तक्रारीचं उत्तर ते हेच. मी या पालवीला फसवी पालवी म्हणतो. तिच्यावर विश्वास ठेवू नये.

मुळं येतात कुठून? सालीच्या आत, लाकडाला लागून एक पातळ, ओलसर, जिवंत थर असतो. नखानं साल खरवडली की तो हिरवट दिसतो. काप घेतला की तिथल्या पेशी वाढून जखम भरतात आणि टोकाला पांढरट गाठ धरते. पुष्कळांना ही गाठ म्हणजे मूळच वाटतं, पण ते निव्वळ जखमेवरचं खपलं. खरं मूळ त्या थराच्या आसपासच्या पेशींतून निघतं आणि साल फोडून बाहेर येतं. त्यासाठी लागणारा इशारा वरून येतो. कोवळ्या डोळ्यांत आणि पानांत एक संप्रेरक तयार होतं, ऑक्झिन. ते फांदीतून खाली खाली उतरतं आणि तोडलेल्या टोकाशी साठतं. १९२८ मध्ये नेदरलँड्समधल्या फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून असा पदार्थ असल्याचं दाखवून दिलं, आणि पुढच्या दशकात त्याच जातीचं इंडॉल ब्युटिरिक ॲसिड मुळं फोडायला वापरलं जाऊ लागलं. रोपवाटिकेच्या दुकानात लहान डबीत मिळणारी मुळं फुटण्याची पूड ती हीच.

ऑक्झिन वरून खालीच जातं, म्हणून काडी उलटी लावून चालत नाही. मुळाकडची बाजू मुळाकडेच राहते, हे हेर्मान फ्योख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. आपले माळी ते शास्त्रज्ञ न वाचता पाळतात. खालचा काप तिरका, वरचा सपाट. तिरक्या कापाचं मुख्य काम हेच, की दहा काड्या एकत्र पडल्या तरी खालची बाजू कुठली ते समजावं.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारची जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली. तिथल्या अंगणात एक अंजिराचं झाड होतं. शेजारच्या काकूंच्या सासूबाईंनी सासवडहून काडी आणून लावलेलं, पन्नासएक वर्षांचं. इमारत पाडायला तीन आठवडे उरलेले, महिना मे. काकू म्हणाल्या, ‘घर जातंय त्याचं काही नाही, नवीन मिळेल. हे झाड मात्र सासूबाईंचं आहे. तुम्ही काहीतरी करा.’ एवढं झाड उपटून दुसरीकडे नेण्याजोगं नव्हतं. दोन महिने हाताशी असते, तर मी गुटी बांधली असती. जिवंत फांदीवर इंचभर रुंदीची साल गोल काढायची, तिथं ओलं शेवाळ लावून वर प्लॅस्टिक गुंडाळायचं. झाडाचं पाणी लाकडातून वर येतच राहतं, त्यामुळे फांदी सुकत नाही, आणि मुळं दिसली की ती खालून कापून घ्यायची. डाळिंबाला ही पद्धत फार चालते. पण तेवढी मुदत नव्हती. काड्याच घ्याव्या लागल्या, आणि त्याही वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात.

जे तेव्हा केलं तेच सांगतो, कारण अंजिराला जे चालतं ते जास्वंद, बोगनवेल, मोगरा यांना थोड्याफार फरकानं चालतं. फांद्या भल्या पहाटे कापल्या, कारण रात्रभरात झाडानं पाणी भरून घेतलेलं असतं. अगदी शेंड्याचा कोवळा भाग सोडला, बुंध्याजवळचा जून भागही सोडला. पेन्सिलीहून थोडी जाड, आठ-दहा इंच लांब, चार-पाच डोळ्यांची काडी निवडली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घेतला. मुळं डोळ्याच्या पेराजवळ लवकर फुटतात. अंजिराचा चीक अंगाला लागला आणि वर ऊन पडलं तर त्वचा भाजल्यासारखी होते, म्हणून हात लगेच धुवावेत. काड्या सावलीत काही तास ठेवल्या, चीक सुकला. पानं सगळी काढली. मोगऱ्याच्या किंवा जास्वंदीच्या कोवळ्या काडीला मात्र वरची दोन पानं ठेवावीत, मोठी असली तर अर्धी कापावीत. त्या काडीत साठा कमी असतो, तिला थोडं अन्न पानांतूनच मिळतं.

पूड लावताना काडी डबीत बुडवू नये. चिमूटभर पूड कागदावर घ्यावी, टोक पाण्यात ओलं करून त्यात टेकवावं आणि जास्तीची पूड झटकून टाकावी. जास्त पूड लावली तर जास्त मुळं येतात हा भ्रम आहे. टोक काळं पडून कुजतं. पूड नसली तरी अंजीर अडत नाही. मध, दालचिनी, कोरफडीचा गर हे उपाय लोक मला हौसेनं सांगतात. त्यानं नुकसान होत नाही, पण काडी जगली तर श्रेय मधाला द्यायला मी तयार नाही.

आता माध्यम. इथे बहुतेक जण प्रेमापोटी चूक करतात आणि काडीला शेणखत घालतात. मुळंच नाहीत, तर खाणार कोण? खतानं बुरशीची मात्र सोय होते. काडीला हवी ओल आणि हवा. धुतलेली जाड वाळू, किंवा वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं, एवढं पुरतं. हल्ली बांधकामावर मिळते ती दगडाची चुरी असेल, तर तिच्यातली भुकटी तीन-चार पाण्यांनी धुऊन काढावी, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. आधी लाकडी काडीनं भोक पाडावं, मग कलम आत सोडावं, म्हणजे पूड पुसली जात नाही. दोन डोळे आत, दोन-तीन बाहेर. भोवती बोटांनी घट्ट दाबावं. वरून पारदर्शक पिशवी घालून पिशवीला चार भोकं पाडावीत आणि कुंडी जिथं उजेड आहे पण ऊन नाही अशा जागी ठेवावी. वाळू ओली हवी, चिखल नको.

त्या अंजिराच्या आम्ही चोवीस काड्या लावल्या. नऊ जगल्या. मे महिन्याच्या मानानं हे वाईट नाही. तुम्हाला महिना निवडता येत असेल, तर अंजीर, द्राक्ष, गुलाब यांच्या काड्या छाटणीच्या सुमारास, पावसाळा संपल्यावर घ्याव्यात. फुलझाडांना आषाढ-श्रावणाची दमट हवा मानवते.

एक खबरदारी मात्र विसरू नये. काडीबरोबर आईचे गुण येतात तसे रोगही येतात. या शतकाच्या पहिल्या दशकात तेल्या रोगानं महाराष्ट्रातल्या डाळिंबाच्या बागाच्या बागा गेल्या. हा जिवाणूंचा रोग पाऊस-वाऱ्यानं पसरतो, पण रोगट बागेतल्या कलमांनीही तो गावोगाव पोहोचला. ज्यानं चांगल्या मनानं शेजाऱ्याला कलम दिलं, त्यानंच त्याच्या बागेत रोग नेला. म्हणून फुकट मिळते म्हणून काडी घेऊ नये; आधी ते झाड पाहावं, पानं उलटून पाहावीत. आणि मालकाला विचारून घ्यावी. मनीप्लांट चोरून आणला तरच फळतो असं म्हणतात. तो मागून आणला तरी तितकाच लागतो, मी करून पाहिलं आहे.

मनीप्लांट, पुदिना, तुळस यांना नुसत्या पाण्यातही मुळं येतात. पण पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, मातीत नेली की पहिल्यांदा बिचकतात. ती इंचभर झाली की लगेच मातीत न्यावीत. काचेच्या बाटलीत पांढऱ्या दाढ्या वाढवत बसू नये.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती जागा बदलताना. पालवी आली म्हणून नव्हे, तर मूळ दिसलं म्हणून काडी हलवावी. त्यासाठी मी पारदर्शक प्लॅस्टिकचे पेले वापरतो, बुडाला भोकं पाडून. कडेला पांढरी मुळं दोन इंच फिरलेली दिसली की वेळ झाली. भोकातून मूळ बाहेर डोकावलं तरी चालेल. ओढून पाहण्याची सवय मात्र सोडा. नवीन मुळाच्या टोकाचे केस एका हिसक्यात तुटतात, आणि पाणी पितात ते केसच.

आधी आठवडाभर रोपाला बाहेरच्या हवेची सवय करावी. पिशवी पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडी जास्त वेळ काढून ठेवावी. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पेला आडवा करून वाळूच्या गड्ड्यासकट रोप बाहेर काढावं आणि चार-पाच इंची कुंडीत ठेवावं. माती, वाळू, चांगलं कुजलेलं शेणखत सारख्या भागांत. मोठ्या कुंडीची घाई नको. एवढ्याशा मुळांना एवढी माती दिली तर ती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं गुदमरतात. आठ दिवस सावली, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन. पहिले काही दिवस पानं दुपारी मलूल होतील. संध्याकाळी ती सावरली तर पाणी ओतत बसू नका.

जमिनीत लावायचं असेल तर कुंडी मुळांनी भरू द्यावी आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावं. काडीच्या झाडाला सोटमूळ नसतं, म्हणून पहिली दोन वर्षं बांबूचा आधार हवा आणि उन्हाळ्यात बुंध्याशी पालापाचोळा. मात्र काडी फळणाऱ्या झाडाची असेल तर तिला बाळपण नसतं; अंजीर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दाखवतं. काकूंच्या अंजिराची नऊ रोपं आता सहा घरांत आहेत. त्यातलं एक त्यांच्या नव्या इमारतीच्या गच्चीवर, निम्म्या कापलेल्या पिंपात वाढतंय, आणि फळ पिकायला लागलं की त्याला जुन्या साडीची जाळी बांधावी लागते, कारण बुलबुलांना त्याचा पत्ता आमच्या आधी लागतो.