माळ्यावरची जुनी पोस्टकार्डं रद्दीत घालताय? थांबा, आणि कात्री लावण्याआधीही थांबा

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरते. आत जुने सातबारे, लग्नपत्रिका, वह्या आणि तारेच्या आकड्यात टोचलेली पिवळी पोस्टकार्डं. वाळवीनं कडा खाल्लेल्या, मधोमध तारेचं भोक. बहुतेक घरांत ही तार तशीच उचलून रद्दीवाल्याच्या पोत्यात जाते. वजनाला तसं काही नसतं, पैसेही चार-दोनच येतात.

याच कार्डांपासून चित्रं करायची आणि ती टपालानं एकमेकांना पाठवून अदलाबदल करायची, हा छंद जगभर रुजलेला आहे. जुनं कार्ड हा पाया. त्यावर रंग, कापड, दोरा, छापील कागदाचे तुकडे, जे हाताला लागेल ते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर कागदाची गोधडीच. अमेरिकेत रे जॉन्सन या चित्रकारानं १९५० च्या दशकापासून असे चिकटकामाचे तुकडे ओळखीच्यांना टपालानं पाठवायला सुरुवात केली. यात भर घाला आणि पुढे धाडा, असं तो लिहायचा. १९९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला स्टिर्नेमान नावाच्या कलाकारानं ६४ बाय ८९ मिलिमीटरची छोटी कार्डं काढली. ती विकायची नाहीत, फक्त बदलायची, एवढी एकच मोठी अट.

महाराष्ट्राला हे अगदीच परकं नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर पोचल्या आणि हौशी बायकांनी त्या छापील देवींना खरी जर, खऱ्या टिकल्या, कापडाची लुगडी चढवली. अशा सजवलेल्या तसबिरी आज संग्राहक शोधत फिरतात. छापील चित्रावर स्वतःचा हात फिरवायचा, ही कला आजीच्या देवघरात आधीपासून होतीच.

आधी वाचा, मग कापा

भारतात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला. गरिबाला परवडणारं ते पहिलं टपाल. मुंबईच्या गिरणीत गेलेला मुलगा, सासरी गेलेली लेक, पलटणीतला भाऊ यांची खबर गावाला याच कार्डावरून कळायची. ज्या घराण्याचा कुठल्याही बखरीत उल्लेख नाही, त्याचा लेखी पुरावा म्हणजे अनेकदा सातबारा आणि ही तार, एवढाच असतो. शिवाय सातबाऱ्यात आजीचं बोलणं नसतं. कार्डावर ते सापडतं, भले लिहिणारा हात शेजारच्या गुरुजींचा असो.

म्हणून गठ्ठा हाती आला की आधी एक दिवस नुसता वाचनाचा ठेवावा. घरातलं वडीलधारं माणूस शेजारी बसलेलं असावं. मोडी वळणाचं अक्षर, टोपणनावं, ‘धाकटी’ म्हणजे नक्की कोण, हे तेच सांगू शकतं आणि ते सांगणारं माणूस कायम असणार नाही.

कार्ड कधीचं हे ओळखायच्या काही खुणा आहेत. पहिली खूण शिक्क्याची. गोल शिक्क्यात गाव आणि तारीख असते, भिंगातून पाहिली की बहुधा लागते. शिक्का पुसट असेल तर किंमत बघावी. आणे-पै असतील तर कार्ड १९५७ च्या आधी छापलेलं. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधलं. पिनकोडचे सहा चौकोन छापलेले असतील तर १९७२ नंतरचं, कारण पिनकोड त्याच वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाला. वाघाचं तोंड असलेलं १५ पैशांचं कार्ड तर चाळिशी ओलांडलेल्या अनेकांनी स्वतः पेटीत टाकलं असेल.

कोपरा फाडलेलं कार्ड सापडलं तर ती उंदराची करामत समजू नये. ती मयताची खबर. असं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायची, घरात न ठेवायची रीत होती. तरीही कुणी ते जपलं असेल तर त्यामागे काही कारण असणार. कडेला हळदकुंकू लागलेलं असेल तर ते लग्नाकार्याचं.

कात्री कशाला लावू नये? फील्ड पोस्ट ऑफिसचा किंवा सेन्सॉरचा शिक्का असलेल्या कार्डाला अजिबात नाही. ते सैनिकाचं पत्र असू शकतं. संस्थानी काळातली कार्डं, जोडकार्डाचं न वापरलेलं उत्तराचं अर्धं, आणि घरात ज्यांचं दुसरं अक्षर शिल्लक नाही अशा माणसाचं एकमेव कार्ड, हीही बाजूला काढावीत. मग उरतं काय? भरपूर उरतं. कोरी राहिलेली कार्डं, सोसायटीच्या वसुलीच्या छापील नोटिसा, सभेची आमंत्रणं, वाळवीनं निम्मी खाल्लेली. जाहिरात छापलेली पंचवीस पैशांची मेघदूत कार्डंही अनेक घरांत पडून असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात कुणाकुणाची कार्डं मिळतात तीही चालतील, पण तीसुद्धा कुणाच्या तरी ट्रंकेतून आलेली असतात, हे ध्यानात असू द्यावं.

अक्षरच हवं असेल तर मूळ कार्डाची झेरॉक्स काढावी आणि ती कापावी. ‘इकडील सर्व क्षेम’, ‘लोभ असावा’ या ओळी झेरॉक्सवरही तितक्याच बोलतात. घरच्या शाईच्या प्रिंटरवरची प्रत मात्र टाळा. खळ लागली की ती पसरते. झेरॉक्सची पूड पसरत नाही.

खळ, दाब आणि सबुरी

चिकटवायला मैद्याची पातळ खळ पुरते, फेविकॉलही चालतं, पण पाणी घालून. जाड थर दिला की कार्ड पापडासारखं वळतं. एका बाजूला कागद चिकटवला तर मागच्या बाजूलाही एक कागद लावावा, म्हणजे दोन्हीकडचा ताण सारखा राहतो. मग दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये घालून वर जाडजूड पुस्तकं किंवा पाटा ठेवावा, रात्रभर. खळीला कसर आणि झुरळं लागतात, म्हणून काम पुरतं वाळल्याशिवाय डब्यात बंद करू नये.

जुन्या शाईचं एक लक्षात ठेवायचं. दौतीच्या शाईला पाणी लागलं की ती पसरते. कॉपिंग पेन्सिलचं अक्षर आधी काळपट दिसतं, ओलं झालं की गर्द जांभळं होतं. काही जण हा जांभळा डाग मुद्दाम वापरतात आणि तो दिसतोही सुरेख. पण एकदा पसरला की परत फिरत नाही.

बाकी सामान घरातच असतं. खणाचा तुकडा, लुगड्याची किनार, एसटीचं जुनं पंच केलेलं तिकीट, काडेपेटीची छापं, पंचांगाचं पान. कार्डाच्या मधलं तारेचं भोक बुजवू नका. त्यातून दोरा ओवून गोधडीचा धावदोरा घातला की तेच चित्राचं केंद्र होतं.

अदलाबदल कशी चालते

भिशीसारखीच. समजा सहा जण आहेत. प्रत्येकानं ठरल्या मापाची पाच कार्डं करायची आणि सगळी एकाकडे पाठवायची, सोबत आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. तो वाटप करतो आणि प्रत्येकाला बाकीच्या पाच जणांचं एकेक कार्ड परत येतं. विषय, माप आणि शेवटची तारीख आधी ठरवावी. तारीख पाळली नाही की भिशीत होतं तेच भांडण इथेही होतं. शाळेतल्या मुलांनी दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेशी हे करायला काहीच हरकत नाही.

टपालाचे नियम मात्र बघून घ्यावेत. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं, माप १४ बाय ९ सेंटिमीटर. त्यावर कापड, मणी असं काही डकवलं की पोस्ट ते कार्ड धरत नाही, पत्राचा दर लागतो. त्यामुळे सजवलेलं कार्ड पाकिटातच घालावं आणि पोस्टात वजन करून तिकीट लावावं. तिकीट कमी पडलं तर तुटीच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल होते, म्हणजे भेट पाठवून वर भुर्दंड. पोच हवी असेल तर १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, तेव्हा चौकशी स्पीड पोस्टचीच करावी. परदेशी पाठवताना जोंधळा, पानं, बिया चिकटवू नयेत, बहुतेक देश ते कस्टममध्येच अडवतात.

आणि पाठवण्याआधी कार्डावरची नावं, पत्ते, आजारपणाच्या, भाऊबंदकीच्या ओळी नीट बघाव्यात. लिहिणाऱ्यानं ते एका घरासाठी लिहिलं होतं. अशा ओळीवर खणाची पट्टी बसवावी, किंवा ते कार्ड परत तारेला अडकवावं.